लसणाचा वास

प्लासिडच्या तोंडाला लसणाचा वास येतो हे सालोमीच्या लक्षात आलं, तेव्हा तो इस्पितळातून घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. अंगणात तो तिच्या सायकलच्या चाकात हवा भरत होता. "नळी नीट धर ना," म्हणत तो वाकला आणि तिला वास आला. आदल्या दिवशी घरात पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी, तीही नुसत्या मिरची-खोबऱ्याची. घरातला लसूण तर केव्हाच संपला होता.

माणूस चोरून लसूण का खातो? भूक लागली म्हणून नक्कीच नाही. दुसरा कसला तरी वास झाकायचा असतो म्हणून खातो.

तिने त्याला काही विचारलं नाही. सालोमी तुस्कानो निर्मळहून रोज सायकलने सोपाऱ्याच्या हायस्कुलात जायची आणि तिथे शास्त्र शिकवायची. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती मुलांना जूनमधल्या पहिल्याच तासाला सांगत असे. म्हणून ती दुसऱ्या निरीक्षणाची वाट बघू लागली. वाट बघत बसलेल्याला हवं ते दिसतंच, ही गोष्ट मात्र तिने कधी मुलांना सांगितली नव्हती.

प्लासिड फौजेत सिग्नल्समध्ये होता, वायरलेसवर. लग्नाच्या वेळी हवालदार होता, आता, एक्याऐंशी साली, नाईक होता. बाकीचे वर चढतात, हा एक फीत उतरवून आला होता.

"त्यांचं गणित सरळ आहे, आई," आल्या दिवशी त्याने हसत हसत सांगितलं होतं. "पहिल्यांदा पिऊन सापडला की कोठडी. दुसऱ्यांदा फीत. तिसऱ्यांदा डॉक्टर."

"मग मेल्यांनी पहिल्यांदाच डॉक्टरकडे का नाही नेला?" सासूबाईंनी, मार्थाने विचारलं.

"पहिल्यांदा तर तेच पाजतात. वर बर्फात होतो तेव्हा संध्याकाळी रांगेत उभं करून मगात रम ओतायचे. नको म्हटलं तर सुभेदार कपाळाला हात लावून बघायचा, ताप आहे का म्हणून."

मार्था हसली. सालोमीला हसू आलं नाही. तिसऱ्या वेळी तो पहाटे वायरलेसपाशी, कानांवर हेडफोन तसाच ठेवून, झोपलेला सापडला होता. त्याच्या मेजरने मनात आणलं असतं तर सरळ खटला भरला असता. त्याऐवजी त्याने प्लासिडला पुण्याच्या लष्करी इस्पितळात पाठवलं. तिथे बाहेरून कडी लावलेल्या वॉर्डात काही आठवडे काढल्यावर त्याला एक पांढरी गोळी सुरू झाली. गोळी एरवी गुपचूप असते, पण वरून दारू पोटात गेली की अंग बंड करून उठतं. वॉर्डात डॉक्टरांनी हे नुसतं सांगितलं नव्हतं, करून दाखवलं होतं. प्रत्येकाला गोळीवर मापून थोडी रम पाजली. प्लासिडचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं, छाती धडधडली, उलट्या झाल्या. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा शीख ड्रायव्हर तर निळा पडला, त्याला प्राणवायू लावावा लागला.

आता आजारपणाची रजा होती. रजा संपली की पुण्याला डॉक्टरांचं बोर्ड बसणार होतं. दारू सुटली आहे असं बोर्डाला वाटलं, तर तो खालच्या कॅटेगरीत का होईना, पलटणीत परत जाणार होता. पुन्हा लागली आहे असं वाटलं, तर घरी. पेन्शनला दोन वर्षं कमी, आणि दारूचं दुखणं स्वतःच्या करणीचं म्हणून त्याची भरपाईही नाही. सालोमीच्या पगारात घर चाललं असतं. पण वर्दी काढून घेतलेला प्लासिड घरी बसला, तर त्याला संध्याकाळी कोण अडवणार होतं? त्याचा चुलतभाऊ बर्नार्ड असाच घरी आला होता आणि दोन पावसाळ्यांत गेला. हे काही तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

इस्पितळाने तिला दोन कामं सांगितली होती. घरातून दारू असलेली प्रत्येक वस्तू काढायची आणि गोळी रोज सकाळी आपल्या हाताने द्यायची. पहिल्या कामात मार्थाचा ताडीचा सिरका गेला, खोकल्याचं औषध गेलं, सणाला पिठात ताडी घालून फुगे तळायचे तेही राहिले. "सिरक्याने कोण झिंगलंय आजवर?" म्हणून मार्था दोन दिवस कुणाशी बोलली नाही. दुसरं काम सोपं होतं. प्लासिड गोळी घ्यायचा, पाणी प्यायचा आणि चर्चमध्ये मिस्सेत ख्रिस्तशरीर घेताना काढावी तशी जीभ बाहेर काढून दाखवायचा.

"झालं का, बाई? हजेरी लागली?"

मग परसात केळींना पाणी घालायला जायचा.

शेजारच्या क्लेमेंटीनचा नवरा नेव्हीतून निवृत्त झालेला. सालोमीने तिच्याजवळ लसणाची गोष्ट काढली, तशी क्लेमेंटीनने वाटण वाटता वाटता हातच थांबवला.

"जीभ दाखवतो? अगं, जिभेवर कोण ठेवतंय! गालात, बाय, गालात. आमचा ठेवायचा. आणि मग जायचा परसात, झाडांचा मोठा पुळका! सहा महिने आमच्या अळवाने गोळ्या खाल्ल्या. आणि वर लसूण नाही तर बडीशेप. ही फौजेची माणसं, त्यांना पहारेकऱ्याला चुकवायचं शिकवलेलंच असतं."

त्या दिवशी सालोमी केळींच्या आळ्यांमध्ये वाकून बघत फिरली. काही सापडलं नाही. ओल्या मातीत गोळी किती वेळ टिकणार, असं तिने स्वतःला सांगितलं. सापडलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. हे वाक्य बरोबर होतं, म्हणूनच ते धोक्याचं होतं.

पुढच्या शनिवारी ती वांद्र्याला गेली आणि औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्यांची आणखी एक बाटली घेतली. चिठ्ठीवर गोळीचं नाव होतंच. परत येऊन तिने एक गोळी कुटून पाण्यात टाकून पाहिली. विरघळेना, पूड वर तरंगत राहिली. नारळाच्या दाट कालवणात मात्र दिसेनाशी झाली, चवही कळेना. त्या दिवसापासून रात्रीचं ताट तीच वाढू लागली. मार्थाला बरं वाटलं. "नवऱ्याचं करते हो," ती क्लेमेंटीनला म्हणाली.

सालोमीचं म्हणणं साधं होतं. तो सकाळची गोळी खरंच गिळत असेल तर ही जास्तीची काही बिघडवणार नाही, आणि थुंकत असेल तर ही त्याला वाचवेल. मनातल्या मनात मांडलेल्या गणितात तिने पहिला भाग तपासलाच नाही.

त्यानंतर तर निरीक्षणांना तोटा राहिला नाही. प्लासिड दुपारी भिंतीला टेकून झोपू लागला. चालताना त्याचा पाय एका बाजूला जायचा. अंगणातून येताना तो दाराची चौकट शोधल्यासारखी धरायचा. बोलताना शब्द जड यायचे, कधी मध्येच अडकायचे. लसणाचा वास वाढला.

"कुठे गेला होतास?" ती विचारायची.

"तळ्यावर. बसलो होतो."

"एकटाच?"

"नाही, बदकं होती." मग तो तिच्याकडे बघायचा. "पहाऱ्याला लावलंय का तुला पलटणीने?"

गोळी असूनही तो लाल का होत नाही, त्याला उलटी का होत नाही, याचं उत्तर तिने शोधून ठेवलं होतं. थोडीथोडी पीत असेल. सकाळची थुंकून टाकतो, म्हणून एकच पोटात जाते, म्हणून पुरत नाही. तिने रात्रीच्या दोन केल्या.

मग तो आचोळ्याच्या रस्त्याला सायकलवरून खड्ड्यात पडला. भर सकाळी, कोरड्या रस्त्यावर. दोन माणसांनी धरून घरी आणला. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसतं एकमेकांकडे बघून नाक पुसलं. संध्याकाळपर्यंत निर्मळच्या तळ्यापासून सोपाऱ्यापर्यंत बातमी गेली, की तुस्कान्यांचा फौजी परत प्यायला लागला. प्लासिड गुडघ्याला हळद लावून घेत बसला. "खड्डा दिसला नाही," एवढंच म्हणाला. सालोमीने त्याचं तोंड हुंगलं, उघड उघड. त्याने मान फिरवली.

त्या आठवड्यात तिला नववीला गंधकाचे स्फटिक करून दाखवायचे होते. प्रयोगशाळेच्या कपाटात सगळ्यात मागे, जाळापासून दूर ठेवलेली कार्बन डायसल्फाइडची बाटली तिने काढली आणि बूच उघडलं. मुलांनी नाकं धरली.

"बाई, कुजका मुळा!"

"कुजका कसला, लसूण आहे, लसूण," मागून कोणी तरी म्हणालं.

सालोमी बूच हातात धरून तशीच उभी राहिली. वास तोच होता.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत गेली नाही. बाकावर बसून तिने गोळीच्या नावातलं 'सल्फ', म्हणजे गंधक, आठवलं. शरीर ती गोळी फोडतं आणि फोडलेलं कुठून तरी बाहेर टाकणारच. श्वासातूनही टाकत असेल. म्हणजे वास गोळीचा. आता पुढचं. तो तिने घातलेल्या गोळ्यांचाही असू शकत होता, त्यावरून प्लासिड सुटत नव्हता. पण सायकलला हवा भरताना, सगळ्यात पहिल्यांदा वास आला, तेव्हा तिने काहीच घातलेलं नव्हतं. तेव्हा त्याच्या पोटात फक्त सकाळची गोळी होती. जी तो गिळतच नाही असं ती धरून चालली होती.

तो गिळत होता. पहिल्या दिवसापासून गिळत होता. आणि तीनपट औषध घेऊन तो चौकट धरत होता, शब्द शोधत होता, खड्ड्यात पडत होता.

स्फटिक झालेच नाहीत. मुलांना तिने पुस्तकातलं चित्र काढायला सांगितलं.

त्या रात्री कालवणात काही पडलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. सांगायचं मात्र राहिलं. सांगू, थोडा बरा झाला की सांगू, असं तिने ठरवलं. मग वाटलं, आपोआपच बरा झाला तर सांगायची गरजही नाही. रविवारी मिस्सेहून येताना प्लासिड तिच्या खांद्याला धरून चालला आणि लोकांनी वळून पाहिलं, तेव्हाही ती बोलली नाही.

त्याच दिवशी चार वाजता सुभेदार हरिभाऊ सावे आले. निर्मळच्याच पलीकडच्या अंगाला त्यांची वाडी होती. पलटण वेगळी, पण निवृत्त फौजी म्हणून मान सगळीकडे. हातात केळीचा घड आणि पिशवी. पायरीवर चपला अशा जोडून ठेवल्या, जणू कोणी तपासायला येणार होतं.

"नाईक तुस्कानो! बसा, बसा. उठू नका."

प्लासिड उठलाच. उठताना त्याचा तोल गेला आणि त्याने टेबल धरलं. हरिभाऊंनी ते पाहिलं. त्यांनी ते पाहिलं, हे सालोमीने पाहिलं.

"तुमच्या मेजरसाहेबांनी निरोप धाडला होता," हरिभाऊ खुर्चीत बसत म्हणाले. "म्हणाले, तुमच्या गावचा जवान आहे, जरा हालहवाल बघा. मी म्हटलं, बघतो. पण गावात काही बाही कानावर येतंय."

"गावाला काम काय?" मार्था आतून म्हणाली.

"खरंय, बाय. म्हणून मी कानावर जात नाही. मी डोळ्यांवर जातो." त्यांनी पिशवीतून बाटली काढली. कॅन्टीनची रम, सीलबंद. "माझ्या कोट्यातली आहे. बाई, एक ग्लास आणा. एकच."

"कशाला?" सालोमी म्हणाली.

"आणा तर खरं."

ग्लास मार्थाने आणला. तिला बाटली दिसली आणि ती दारातच थबकली. हरिभाऊंनी सील फोडलं, सावकाश दोन बोटं रम ओतली आणि ग्लास प्लासिडच्या पुढे सरकवला.

"सत्तावीस वर्षं नोकरी केली. सुटलेला माणूस आणि सुटल्याचं सोंग करणारा माणूस, दोघं बोलतात सारखंच. म्हणून विचारायचं नाही. समोर ठेवायची आणि बघायचं. घ्या, नाईकसाहेब. आमच्याबरोबर एक."

खोलीभर रमचा गोड, जळका वास पसरला. प्लासिड ग्लासाकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला आणि ग्लासाच्या दिशेने सरकला.

सालोमीला शीख ड्रायव्हर आठवला. तो एका गोळीवर निळा पडला होता. गोळी आठवडा-दोन आठवडे अंगातून जात नाही हे तिला इस्पितळात सांगितलं होतं, आणि इथे प्राणवायू नव्हता, डॉक्टर वसईला होता.

"प्लासिड, नको!" ती ओरडली. "मरशील! मी तुझ्या जेवणात गोळ्या घातल्यात! रोज, दोन-दोन!"

प्लासिडचा हात ग्लासापर्यंत पोचला होता. तळवा खाली, ग्लासाच्या तोंडावर, झाकण ठेवल्यासारखा. मेसमध्ये वाढणाऱ्याला नको म्हणायचं असलं की फौजी माणूस असाच हात ठेवतो. सालोमीला ते ठाऊक नव्हतं. हरिभाऊंना होतं, त्यांनी मान हलवलीही होती, पण ती अर्ध्यातच थांबली.

"काय घातलंस?" प्लासिडने विचारलं.

"गोळ्या. तुझ्याच. मला वाटलं, सकाळची तू थुंकतोस."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. आधी एक, मग दोन. गुरुवारी थांबवल्या."

त्याने ग्लासावरचा हात काढला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. हरिभाऊंकडे, आईकडे, कुणाकडेच न बघता तो हळूहळू बोलला, कारण शब्द अजून जडच येत होते.

"मला वाटलं, माझा मेंदू गेला. वॉर्डात एक म्हातारा हवालदार होता, पिऊन पिऊन तसा झालेला. त्याला बटण लावता यायचं नाही. मला वाटलं, माझं तेच सुरू झालं. मी तळ्यावर जाऊन एका रेषेत चालून बघायचो. रोज. रोज पाय बाहेर जायचा." तो थांबला. "तुला सांगितलं नाही. म्हटलं, तू घाबरशील."

"माझ्या हातचं कालवण," मार्था म्हणाली आणि दारातच खाली बसली.

हरिभाऊ खाकरले. "मी तर उद्या कळवणारच होतो, की पोरगा गेला हातचा. रस्त्यात पडला, सरळ उभा राहत नाही..." त्यांनी सालोमीकडे पाहिलं. "बाई, आम्ही अडाणी माणसं, संशय आला तर तोंडावर परीक्षा घेतो. तुम्ही शिकलेल्या. हे असं ताटातून, न सांगता?"

"आणि तुमची बाटली, सुभेदारसाहेब?" सालोमी म्हणाली. "वॉर्डातून आलेल्या माणसासमोर ओतलीत ती? तो प्यायला असता तर इथे, या खुर्चीत मेला असता. तुम्ही तरी कुठे सांगून आलात?"

ग्लास उचलून हरिभाऊ अंगणात गेले, रम जास्वंदीच्या मुळाशी ओतली आणि ग्लास स्वतः विसळून आणला. बाटली बूच घट्ट करून पिशवीत टाकली.

"मेजरसाहेबांना मी जे पाहिलं तेच कळवीन. समोर ठेवली, शिवला नाही. पण बोर्डासमोर तो असा झोकांड्या खात गेला तर माझं कोण ऐकणार? डॉक्टरला कारण लागेल."

"मी जाते पुण्याला," सालोमी म्हणाली. "याच आठवड्यात, रजा घेऊन. डॉक्टरांना मी सांगते, काय घातलं आणि किती."

"तो तुम्हाला सोडणार नाही. चार माणसांदेखत सुनावेल."

"सुनावू दे."

हरिभाऊ प्लासिडकडे वळले. "जवान, नोकरी वाचली तुझी. तोंड का पाडून बसलास?"

"हो, साहेब," प्लासिड म्हणाला. "वाचली."

सुभेदार गेल्यावर मार्था उठून चुलीकडे गेली. प्लासिड मागच्या पायरीवर बसून राहिला. सालोमी दोनदा दारापर्यंत गेली आणि परत आली. काय म्हणायचं ते तिने मनात नीट जुळवलं होतं. मला भीती वाटत होती, बर्नार्डचं झालं ते तुझं होऊ द्यायचं नव्हतं, क्लेमेंटीन म्हणाली. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्याच्यासमोर उभं राहिलं नसतं. शेवटी ती पायरीवर त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"चुकले मी," ती म्हणाली.

"तू मला विचारलं का नाहीस?"

"तू खोटं बोलला असतास तर?"

"आधी बोललोय, तेही खरंच," तो म्हणाला. "पण विचारायचंस."

मार्थाने जेवायला हाक मारली. सालोमी सवयीने उठली, ताट घेतलं आणि पातेल्याकडे हात नेला. प्लासिड तिच्या मागोमाग आत आला होता. त्याने तिच्या हातातून ताट काढून घेतलं, रागाने नाही, एखाद्याचं ओझं घ्यावं तसं. भात त्याने स्वतः वाढून घेतला. कालवणाच्या पातेल्यातून पळीभर मार्थाच्या ताटात घातलं, पळीभर सालोमीच्या, आणि सगळ्यात शेवटी आपल्या.

तिघं जेवायला बसली. मार्थाने डोळे मिटून प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा लांब. मग घास घेतला. सालोमीने घेतला. प्लासिड भात कालवत राहिला.

"खारट झालंय का रे?" मार्थाने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला, आणि सालोमीचा दुसरा घास होईपर्यंत कालवतच राहिला.